'फेअर' म्हणजे काय हो?

आमच्या बेळगावकडच्या जैन वधू-वर सूचीत मुलीच्या नावापुढे अजून 'फेअर' छापतात. शाळेतली फेअर वही म्हणजे खाडाखोड नसलेली, प्रगतिपुस्तकातलं फेअर म्हणजे जेमतेम, रेशन दुकानाच्या पाटीवरचं फेअर म्हणजे रास्त. मग मुलीपुढेच ते गोरं कसं होतं? मुलाच्या रकान्यात रंग नाहीच, पगार! २०२० साली 'फेअर अँड लव्हली'वाल्यांनीसुद्धा नावातलं फेअर काढलं. आपण सोडायला तयार नाही.

पुतणीच्या फॉर्मवर मी 'सावळी' लिहिलं. थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, "अगं, निदान गव्हाळ तरी लिही." गहू-तांदळाचा बाजार मांडलाय का बायांनो? मी 'सावळी'च ठेवलं.

सूची छापून आली. तिच्यापुढे 'फेअर'!