विश्लेषण : गाडी १५ वर्षांची, पडदा किती वर्षांचा?

मोबाइल आणि गाडीतला पडदा जोडण्यासाठी कोणालाही वापरता येईल असे एक खुले मानक होते. ते मोडीत निघाले आणि आता ही जोडणी दोनच कंपन्यांच्या हातात आहे. ग्राहकाने याची काळजी का करावी?

खासगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांसाठी असते. खिशातला मोबाइल तीन-चार वर्षांत बदलतो. या दोघांना जोडणारा दुवा कोणाच्या ताब्यात आहे, हे शोरूममध्ये सहसा कोणी विचारत नाही. मायलेज, एअरबॅग, सनरूफची चर्चा झाली की ‘कारप्ले आहे, अँड्रॉइड ऑटोही आहे’ एवढ्यावर समाधान होते. मारुतीचा स्मार्टप्ले पडदा किंवा फोक्सवॅगनच्या काही गाड्या घेणाऱ्यांना काही वर्षांपूर्वी ‘मिररलिंक आहे’ असेही सांगितले जाई.

मिररलिंकचे काय झाले?

मूळ कल्पना नोकियाची. तेव्हाचे नाव ‘टर्मिनल मोड’. २०११मध्ये डाइमलर, जनरल मोटर्स, होंडा, ह्युंदाई, टोयोटा, फोक्सवॅगन या वाहन कंपन्या आणि नोकिया, सॅमसंग, एलजी या मोबाइल कंपन्यांसह ११ जणांनी ‘कार कनेक्टिव्हिटी कन्सॉर्शियम’ हा संघ उभारला. तंत्र सोपे होते. मोबाइलवरचे चित्र यूएसबी केबलमधून गाडीच्या पडद्यावर जाई आणि पडद्यावरचा स्पर्श उलट मोबाइलकडे येई. त्यासाठी संगणकविश्वात आधीच रुळलेली व्हीएनसीसारखी तंत्रे वापरली होती. गाडी चालू असताना कोणते ॲप दिसावे, यासाठी ॲपला संघाचे प्रमाणपत्र लागे.

कागदावर सगळे नीट होते, पण ॲपलने मिररलिंक कधी स्वीकारलेच नाही. २०१४मध्ये कारप्ले आणि अँड्रॉइड ऑटो यांची घोषणा झाली आणि खेळ पालटला. मिररलिंक प्रत्येक मोबाइल कंपनीने आपापल्या फोनमध्ये बसवायचे होते. अँड्रॉइड ऑटो मात्र कोणत्याही कंपनीच्या अँड्रॉइड फोनवर ॲप म्हणून उतरवून घेता येऊ लागले. मिररलिंकवर ॲप मोजकीच आणि वापरही किचकट. त्यामुळे ग्राहकाने पाठ फिरवली, यात त्याचा दोष नाही. सॅमसंगने २०२०मध्ये साथ सोडली आणि २०२३मध्ये संघाने सेवाच गुंडाळली. गाड्या मात्र रस्त्यावर आहेत. त्यातले एक बटण आता शोभेचे.

याउलट ब्लूटूथ पाहा. दहा-बारा वर्षांच्या गाडीतही आज घेतलेल्या मोबाइलवरून बोलता येते, कारण ते मानक मोबाइल बनवणाऱ्या सगळ्यांनीच पाळले. मानक ‘खुले’ असणे पुरेसे नाही. मोबाइलची ऑपरेटिंग सिस्टीम ज्याची, त्याने ते पाळायला हवे. मिररलिंकच्या वेळी नेमके तेच राहिले.

दोन दारे, दोन दरवान

कारप्ले आणि अँड्रॉइड ऑटो उत्तम चालतात, हे मान्यच करायला हवे. पण पडद्यावर कोणते ॲप येणार, हे ॲपल आणि गूगल ठरवतात. इटलीतल्या ‘एनेल एक्स’ कंपनीचा अनुभव बोलका आहे. विजेवरच्या गाड्यांसाठी चार्जिंग केंद्र शोधणारे तिचे ॲप अँड्रॉइड ऑटोवर यावे, अशी मागणी तिने २०१८मध्ये केली. गूगलने सुरक्षिततेचे कारण देत नकार दिला. इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणाने २०२१मध्ये गूगलला १० कोटी २० लाख युरोंहून अधिक दंड ठोठावला. वाद युरोपीय संघाच्या न्यायालयात गेला. असा नकार हा बाजारातील वर्चस्वाचा गैरवापर ठरू शकतो, असे त्या न्यायालयाने फेब्रुवारी २०२५मध्ये स्पष्ट केले. सुरक्षिततेला खरोखर धोका असेल तर नकार चालतो. एरवी वाजवी मुदतीत, हवे तर मोबदला घेऊन, दार उघडावे लागेल.

वाहन कंपन्या ग्राहकाच्या बाजूने उभ्या राहतील, ही आशाही भाबडी आहे. मिररलिंकच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या जनरल मोटर्सने २०२३मध्ये आपल्या पुढच्या विद्युत गाड्यांतून कारप्ले आणि अँड्रॉइड ऑटो काढण्याचे जाहीर केले. तिला पडदा स्वतःकडे हवा आहे. म्हणजे दरवान बदलला, एवढेच.

भारतात काय करता येईल?

भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२मध्ये अँड्रॉइडच्या प्रकरणात गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला. तो रोख मोबाइलवर होता, गाडीच्या पडद्यावर नव्हे. गाड्यांची तांत्रिक मानके तयार करण्याच्या कामात पुण्याच्या ‘एआरएआय’ची मध्यवर्ती भूमिका असते. सार्वजनिक वाहनांतील ठावठिकाणा सांगणाऱ्या यंत्रासाठी आणि आपत्कालीन बटणासाठी एआयएस-१४० हे मानक आहेच. तसेच किमान मानक पडद्यासाठीही करता येईल: चित्र, आवाज आणि स्पर्श यांची जोडणी खुल्या पद्धतीने झालीच पाहिजे, त्यावर कारप्ले असो वा आणखी काही. ते मोबाइल कंपन्यांवरही बंधनकारक हवे, नाहीतर मिररलिंकचीच पुनरावृत्ती. आणि पडद्याला किती वर्षे अपडेट मिळणार, हे गाडीच्या माहितीपत्रकात वॉरंटीच्या शेजारी छापायला लावावे. त्यासाठी नवे तंत्रज्ञान लागत नाही, फक्त एक अधिसूचना लागते.