पंढरपूरचा चित्रकार, दोह्याचे घर

२८ नोव्हेंबर २०२५ रोजी कतारमधील दोहा येथे ‘लौह व कलम’ हे मकबूल फिदा हुसेन यांचे संग्रहालय उघडले. हुसेन यांच्याच रेखाटनावरून दिल्लीच्या रोमी खोसला डिझाइन स्टुडिओने ही इमारत रचली. त्यांची अखेरची मोठी कलाकृती, ‘सीरू फिल अर्ज’, हीही तिथेच आहे. नावाचा अर्थ, पृथ्वीवर संचार करा. मुरानोच्या काचेचे घोडे, जुन्या मोटारी, उडू पाहणारा अब्बास इब्न फिरनास आणि सोबत प्रकाश, संगीत, यंत्रांची हालचाल. हुसेन यांच्या मृत्यूनंतर, २०१९ मध्ये, ती लोकांसाठी खुली झाली.

यावर आमचे काही बांधव म्हणतात, ‘बघा, एका मुस्लिम मुल्काने कदर केली!’ दुसऱ्या गोटातले म्हणतात, ‘गेले ते बरेच झाले.’ दोघांचे तात्पर्य एकच, हुसेन इथले नव्हते. आम्हाला हे साफ नामंजूर आहे.

हुसेन १९१५ साली पंढरपुरात जन्मले. मुंबईत सिनेमाची पोस्टर्स रंगवून त्यांनी पोट भरले. धर्मांधांच्या धमक्यांमुळे २००६ मध्ये त्यांना देश सोडावा लागला. २००८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्यावरील खटले रद्द केले, तरी ते परतू शकले नाहीत. २०१० मध्ये कतारचे नागरिकत्व, २०११ मध्ये लंडनमध्ये मृत्यू.

पण बोट एकाच दिशेला दाखवून कसे चालेल? २००४ मध्ये त्यांच्या ‘मीनाक्षी’ चित्रपटातील एका गाण्यात कुराणातले शब्द आले म्हणून ऑल इंडिया उलेमा कौन्सिलने विरोध केला आणि चित्रपट थिएटरांतून उतरवला गेला. त्या वेळी त्या विरोधाला माना डोलावणाऱ्यांनी आज दोह्याचा अभिमान कोणत्या तोंडाने मिरवावा?

अशी कला उभारायला वायूचा पैसा लागतो, ही पळवाट झाली. १९९५ मध्ये अहमदाबादेत वास्तुविशारद बाळकृष्ण दोशी आणि हुसेन यांनी जमिनीखाली एक गुहा घडवली. तिच्या भिंतींवर, छतांवर हुसेन यांनी थेट रंगवले. आत शिरणारा माणूस चित्राच्या पोटातच उभा राहतो. यंत्र नाही, पडदा नाही. ती पूर्वी ‘हुसेन-दोशी नी गुफा’ होती, आज ‘अमदावाद नी गुफा’ आहे. गुहा राहिली, नावे गेली.

आमचे मागणे दोह्याएवढे मोठे नाही. पंढरपुरात हुसेन यांच्या नावाचे एक कलादालन असावे, जिथे वारकऱ्याचे पोर आणि मोहल्ल्यातले पोर एकाच बाकावर बसून चित्र काढील. आणि आमच्या उर्दू शाळांत चित्रकलेचा तास गणिताच्या उजळणीला देणे बंद व्हावे. ‘तस्वीर हराम’ म्हणत मुलाच्या हातातला ब्रश हिसकावणारा आणि त्याच मुलाने मोठेपणी काढलेले चित्र फाडणारा, हे दोघे एकमेकांना शत्रू समजतात. काम मात्र एकाच मालकाचे करतात. कौमने आधी आपल्या घरातल्याचा हात धरावा, म्हणजे दुसऱ्याला जाब विचारण्याचा हक्क राहील.