कायद्याचे कान किनाऱ्यापर्यंतच

डहाणूजवळच्या वाढवण बंदराला केंद्रीय मंत्रिमंडळाने १९ जून २०२४ रोजी मंजुरी दिली आणि ३० ऑगस्टला पंतप्रधानांच्या हस्ते पायाभरणीही उरकली. या साऱ्या सोहळ्यात ७६,२२० कोटी रुपयांचा खर्च, १,४४८ हेक्टरांचा भराव, दहा किलोमीटरहून लांब लाटरोधक बांध असे आकडे कौतुकाने सांगितले गेले. मात्र हे बंदर बांधताना व चालवताना समुद्रात किती आवाज करता येईल, हा आकडा कोणी सांगितला नाही. तो सांगता येणारही नव्हता, कारण भारतीय कायद्यात तो नाहीच.

या बंदराला महामार्गांशी जोडणारा ३२ किलोमीटरचा रस्ता ज्या राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे आहे, त्याचे मुख्यालय दिल्लीच्या द्वारकेत, सेक्टर १० मध्ये आहे. तेथील निवासी भागाला ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा लागू आहे. ती पाळली जात नाही ही तेथे, विमानतळाशेजारी राहणाऱ्यांची तक्रार रास्त असली, तरी तक्रारीला आधार देणारा नियम त्यांच्यापाशी आहे. डहाणूच्या समुद्रातील जिवांना तेवढाही आधार नाही. हवा प्रदूषण कायद्यातील १९८७ च्या दुरुस्तीने ध्वनीला हवेचा प्रदूषक ठरवले; १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याची व्याख्या मात्र सांडपाणी आणि द्रव, वायू वा घन पदार्थ यांच्याभोवतीच फिरते. भारताने १९९५ मध्ये मान्य केलेला संयुक्त राष्ट्रांचा सागरी कायदा समुद्रात सोडल्या जाणाऱ्या घातक पदार्थांबरोबर ऊर्जेलाही प्रदूषण मानतो, आणि ध्वनी ही ऊर्जाच आहे. जगापुढे मान्य केलेली व्याख्या स्वतःच्या किनाऱ्यावर विसरायची, हा दुटप्पीपणा झाला.

पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १,५०० मीटर, म्हणजे हवेतल्यापेक्षा चौपटीहून अधिक वेगाने जातो आणि दूरवर टिकतो. गढूळ पाण्यात प्रकाश मात्र लवकर विरतो. त्यामुळे डॉल्फिन स्वतः काढलेल्या आवाजाचा प्रतिध्वनी ऐकून भक्ष्य शोधतो, तर घोळ, ढोमा यांच्या कुळातील मासे विणीच्या काळात वाताशयाच्या साहाय्याने आवाज काढून जोडीदाराला बोलावतात. खांब ठोकणे, गाळ उपसणे आणि जहाजांच्या पंख्यांभोवती सतत फुटणारे बुडबुडे यांच्या गोंगाटात हे संकेत बुडून जातात. गंगेतील डॉल्फिनांवरील २०१९ च्या भारतीय संशोधनाने दाखवले की, जहाजांच्या आवाजाला तोंड देताना, विशेषतः उथळ पाण्यात, त्यांच्या शरीरावरील ताण वाढतो. किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यातच राहणारा हिंद महासागरी हंपबॅक डॉल्फिन तर वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याची शिकार हा गुन्हा. त्याला ऐकू येईनासे करणे मात्र विकास.

बंदरामुळे व्यापार वाढेल, हे खरे. पण मर्यादा घातल्याने बंदरे बुडत नाहीत. पाण्यातील डेसिबल वेगळ्या आधारावर मोजले जात असल्याने त्यांची हवेतील आकड्यांशी थेट तुलना होत नाही. तरीही जर्मनीने समुद्रात खांब ठोकताना ७५० मीटर अंतरावर १६० डेसिबलची मर्यादा घातली, आणि कंपन्यांनी कामाभोवती बुडबुड्यांचा पडदा उभारून ती पाळण्याचे तंत्र विकसित केले. जहाजांचा आवाज कमी करण्याविषयीची आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेची २०१४ ची, २०२३ मध्ये सुधारलेली मार्गदर्शक तत्त्वे मात्र ऐच्छिक आहेत. ऐच्छिकाचे काय होते, हे या देशाला सांगायला नको.

प्रश्न एकट्या वाढवणचा नाही. समुद्र म्हणजे भराव टाकायची फुकटची जागा आणि नदी म्हणजे पाण्याचा महामार्ग, ही दृष्टीच मुळात सदोष आहे. डहाणूच्या पर्यावरणाच्या रक्षणासाठी सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १९९६ मध्ये प्राधिकरण स्थापन झाले. त्याच प्राधिकरणाने जुलै २०२३ मध्ये या बंदराला ना-हरकत दिली. राखणदारच कुंपणाचे फाटक उघडू लागले, तर मच्छीमारांनी दाद कोणाकडे मागायची?

नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ चे कलम ६ केंद्राला ध्वनीच्या मर्यादा ठरवण्याचा अधिकार देते आणि द्वारकेला लागू असलेले नियमही त्याच अधिनियमाखाली झाले आहेत. तोच अधिकार वापरून पाण्याखालील आवाजाची बंधनकारक मर्यादा आधी जाहीर करावी. तोवर वाढवणच्या समुद्रात एकही खांब ठोकला जाऊ नये.