अभिरुची वाईट, आरोपी निर्दोष
राजधानीतला छापखाना

मराठी दिवाळी अंकातली एक कथा दिल्लीच्या टिळक मार्गावरच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचली, ती 25 रुपयांच्या दंडापायी. चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’ 1962 साली ‘रंभा’ मासिकाच्या दिवाळी अंकात छापून आली. निशिकांत नावाचा कवी आणि त्याच्या आयुष्यात आलेल्या स्त्रिया, असा तिचा ऐवज. पुण्यातल्या एका गृहस्थांना ती अश्लील वाटली आणि त्यांनी फिर्याद केली. मुंबई उच्च न्यायालयाने लेखकाला दोषी ठरवून 25 रुपये दंड केला आणि अंकाच्या प्रती नष्ट करण्याचा हुकूमही दिला. पंचवीस रुपये भरून मोकळं होणं सोपं होतं. काकोडकर सर्वोच्च न्यायालयात गेले.

25 ऑगस्ट 1969 रोजी न्यायमूर्ती पी. जगनमोहन रेड्डी यांनी लिहिलेल्या निकालपत्राने त्यांना सोडलं. ते निकालपत्र वाचताना मला दर वेळी हसू येतं, कारण त्यात निर्दोष मुक्तता आहे आणि सोबत एक खवचट परीक्षणही आहे. कथा वाङ्मयीनदृष्ट्या फार थोर नाही, थोडी अपरिपक्वही आहे, अभिरुचीही बेताचीच, पण तिच्यामुळे वाचणाऱ्याची नीती बिघडेल असं काही आम्हाला सापडलं नाही, असा न्यायालयाच्या म्हणण्याचा आशय. काकोडकरांना आयुष्यात समीक्षकांनी फारसं जवळ केलं नाही. देशातल्या सर्वोच्च पीठानेही केलं नाही. तरीही मला हा आपल्याकडचा सर्वांत उदार अश्लीलता-निकाल वाटतो. लिखाण सुमार असणं हा गुन्हा नव्हे, हे त्यात मान्य झालं. लेखकाला आपली कथा ‘कलाकृती’ असल्याचा दाखला आणावा लागला नाही.

ही उदारता पंधरवडाभर टिकली. त्याच वर्षी 7 सप्टेंबरपासून संसदेने दुरुस्त केलेलं भारतीय दंड विधानाचं कलम 292 लागू झालं. कमाल शिक्षा तीन महिन्यांवरून दोन वर्षांवर गेली, दुसऱ्यांदा सापडलात तर पाच वर्षांवर. बदल्यात एक पळवाटही मिळाली: विज्ञान, साहित्य, कला किंवा ज्ञानाच्या हितासाठी छापलेलं असेल आणि म्हणून लोककल्याणाचं ठरत असेल, तर माफ. म्हणजे टिळक मार्गावर ‘वाईट अभिरुचीही चालेल’ म्हणाले, आणि तिथून हाकेच्या अंतरावर संसदेने ‘दाखला आणा’ म्हटलं. तेव्हापासून प्रौढांसाठीच्या मासिकाचा संपादक म्हणजे मुख्यतः दाखले गोळा करणारा माणूस.

दाखल्याची गरज कायद्यात लिहिली जाण्याआधीच एका मराठी संपादकाला ती भोवली होती. र. धों. कर्व्यांनी जुलै 1927 मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ काढलं आणि 1953 मध्ये मरेपर्यंत चालवलं. मुखपृष्ठावर नग्न स्त्रीचं चित्र, आत संततिनियमन, गुप्तरोग आणि वाचकांच्या प्रश्नांना सरळ उत्तरं. 1934 च्या खटल्यात बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते. विषय होता वाचकांच्या पत्रव्यवहारातल्या हस्तमैथुनाचा आणि समलिंगी संबंधांचा. विज्ञानाचा दाखला याहून भक्कम कुणी दिला असता? तरी कर्व्यांना 200 रुपये दंड झाला. मात्र कर्व्यांच्या बाजूनेही एक गोष्ट नोंदवायला हवी. मुखपृष्ठावरची नग्नता ही त्यांच्यालेखी ग्राहक ओढायची युक्ती नव्हती. नग्न शरीरात लाजण्यासारखं काही नाही, हेच त्यांचं म्हणणं होतं. आत लेख आणि बाहेर चित्र यांच्यात त्यांनी फारकत केलीच नाही.

फारकतीचं शास्त्र विनोद मेहतांनी बसवलं. 1974 च्या सुमारास मुंबईच्या ‘डेबोनेर’ची सूत्रं त्यांच्याकडे आली तेव्हा ते मासिक ‘प्लेबॉय’ची अशक्त नक्कल होतं. मूळ ‘प्लेबॉय’ भारतात येण्यावर बंदी, म्हणून नकलेला बाजार. मेहतांनी मधल्या पानावरची नग्न छायाचित्रं ठेवली आणि आजूबाजूला मुलाखती, राजकीय लेख, कविता भरल्या. पुढे इम्तियाज धारकर यांच्यासारखी कवयित्री या मासिकाच्या कवितांचं पान बघत होती. मुंबईत इंग्रजीत लिहिणाऱ्या कवींना जागा देणारी नियतकालिकं त्या काळी मोजकीच होती, त्यात ‘डेबोनेर’ एक. मधलं पान कवितेच्या पानाचा खर्च भागवत होतं आणि कवितेचं पान मधल्या पानाला दाखला देत होतं. मेहता सांगत, की परराष्ट्रमंत्री असताना अटलबिहारी वाजपेयी त्यांना म्हणाले होते, तुमचं मासिक चांगलं असतं, फक्त उशीखाली ठेवावं लागतं. किस्सा सगळे गमतीने सांगतात. मला त्यात वाचकांचं वर्गीकरण दिसतं: उशी असलेले, आणि फुटपाथवर उभ्याने चाळणारे.

मेहता नंतर दिल्लीत आले, ‘पायोनियर’ सांभाळून 1995 मध्ये त्यांनी ‘आउटलुक’ सुरू केलं आणि राजधानीतल्या भारदस्त संपादकांत गणले गेले. ‘डेबोनेर’ त्यांनी कधी लपवलं नाही, हे त्यांचं मोठेपण. पण ज्यांना असा उत्तरार्ध लाभला नाही त्यांचं काय? दर्यागंजच्या रविवारच्या पुस्तकबाजारात, तो 2019 मध्ये महिला हाटात हलवला जाण्यापूर्वी, जुन्या परदेशी मासिकांच्या ढिगाशेजारी ‘मस्तराम’ छापाच्या हिंदी पुस्तिका मिळत. आपल्याकडे पिवळी पुस्तकं, ‘हैदोस’ वगैरे. त्यांना संपादक नव्हता, पत्ता नव्हता, दाखलाही नव्हता. पोलीस आले की सापडायचा तो विक्रेता. 1964 च्या ‘लेडी चॅटर्ली’ कादंबरीच्या प्रकरणातही सर्वोच्च न्यायालयाने ज्याची शिक्षा कायम केली, तो रणजित उदेशी मुंबईतला पुस्तकविक्रेताच होता.

दाखला नेहमी उपयोगी पडतो असंही नाही. वसंत दत्तात्रय गुर्जरांची ‘गांधी मला भेटला’ ही कविता 1994 मध्ये बँक कर्मचारी संघटनेच्या पत्रिकेत आली आणि अश्लीलतेचा खटला झाला. संपादक देविदास तुळजापूरकर. 2015 मध्ये न्यायमूर्ती दीपक मिश्रांच्या पीठाने संपादकाला सोडलं, कारण त्यांनी विनाअट माफी छापली होती. कवीला मात्र खटल्याला सामोरं जायला सांगितलं. ऐतिहासिक महापुरुषाच्या तोंडी शिवराळ भाषा घातली की कसोटी अधिक कडक, असं त्या निकालाने ठरवलं. कविता असणं पुरेसं झालं नाही. एकाच मजकुरासाठी संपादकाची सुटका आणि कवीची अडचण, हा न्याय मला आजही पटत नाही. काकोडकरांना जो मोकळेपणा 1969 मध्ये मिळाला तो गुर्जरांना 46 वर्षांनी नाकारला गेला.

आता याच दिल्लीतला एक संपादक. 2006 मध्ये ‘मॅक्सिम’ची भारतीय आवृत्ती निघाली. चकचकीत कागद, कमी कपड्यांतल्या नट्या, तरुण पुरुष वाचक. सुनील मेहरा तिचे संपादक होते. पुढे 2016 मध्ये समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम 377 विरुद्ध सर्वोच्च न्यायालयात जी याचिका दाखल झाली, तिच्या पाच याचिकादारांत नर्तक नवतेज जोहर होते आणि त्यांचे जोडीदार हेच मेहरा. पुरुषांना स्त्रियांची छायाचित्रं विकणाऱ्या मासिकाचा माजी संपादक आपण समलिंगी आहोत असं नाव घालून न्यायालयात सांगतो, यात हसणाऱ्यांनी खुशाल हसावं. या लांबलचक यादीत मला भेटलेला दाखला न मागणारा माणूस हाच. याचिकेत विज्ञान, साहित्य, लोककल्याण यांचा आडोसा घेतलेला नव्हता. आमच्या इच्छा आमच्या आहेत आणि राज्याने त्यात पडू नये, एवढंच मागणं होतं. 6 सप्टेंबर 2018 रोजी पाच न्यायमूर्तींनी ते मान्य केलं. पीठाचे प्रमुख दीपक मिश्रा.

शरीराला मिळालेला हा मोकळेपणा छापील पानाला मिळालेला नाही. 1 जुलै 2024 पासून 292 ची जागा भारतीय न्याय संहितेच्या कलम 294 ने घेतली. इलेक्ट्रॉनिक मजकूर आत आला, पहिल्या दंडाची कमाल दोन हजारांवरून पाच हजार झाली. विज्ञान, साहित्य, कला, ज्ञान हा अपवाद जसाच्या तसा आहे. ‘श्यामा’सारखी सुमार कथा आज दिवाळी अंकात छापणाऱ्या संपादकाने मात्र जुन्या निकालाची प्रत जवळ ठेवलेली बरी.

– टीपकागद