सत्कार कोणाचा?

दहावीचा निकाल लागला की खासगी शिकवण्यांचे फलक चौकाचौकांत झळकतात. छायाचित्रे विद्यार्थ्यांची, गौरव मात्र शुल्काचा! मुलांचे कष्ट खरेच. पण पालकांच्या ऐपतीलाही गुणवत्ता म्हणवून मिरविणे ही फसवणूक आहे. १८५५ साली फुले दांपत्याच्या शाळेतील मुक्ता साळवे या मातंग मुलीचा निबंध ‘ज्ञानोदया’त छापला गेला. विषय होता मांग-महारांचे दुःख. तिच्यापाशी टक्केवारी नव्हती, शिकण्याचे प्रयोजन होते. म्हणूनच तिने समाजाला जाब विचारला. आज हंडे वाहून शाळा गाठणारी मुलगी आपल्या वस्तीच्या तहानेविषयी लिहिते, तेव्हा तिचा फलक कोण लावतो? कार्यकर्त्यांनी सत्कार करावा तो त्या वहीचा. गुणपत्रिकेचा सत्कार करायला बाजार समर्थ आहे.