‘घरातली देवदूत’ कुणी घडवली?

बाईने घर सांभाळावं आणि पुरुषाने कमवावं, ही वाटणी धर्माने किंवा निसर्गानेच ठरवून दिली आहे, असं आपल्या समाजात सर्रास सांगितलं जातं. मोबाइलवर फिरणाऱ्या बयानांत तर रोजच. त्याच दमात असंही सांगतात की स्त्रीस्वातंत्र्य हे पाश्चात्त्यांचं खूळ आहे. पण ही वाटणी आज ज्या काटेकोर रूपात सांगितली जाते, त्या रूपात तिचा गाजावाजा करणाऱ्यांत एकोणिसाव्या शतकातला ब्रिटिश मध्यमवर्ग आघाडीवर होता.

कॅडबरी घराण्याचं उदाहरण घ्या. रिचर्ड टॅपर कॅडबरी यांनी १७९४ मध्ये बर्मिंगहॅमच्या बुल स्ट्रीटवर कापडाचं दुकान काढलं. कुटुंब दुकानाच्या वरच राहायचं आणि पत्नी एलिझाबेथ धंद्यात हात लावायची. पुढे कोको-चॉकलेटमध्ये नाव काढणारा मुलगा जॉन एजबॅस्टन या उपनगरात राहायला गेला. काम शहरात राहिलं, घर बागेत गेलं. सून कँडिया घर, मुलं आणि समाजकार्य यांत राहिली. एका पिढीत बाईचं धंद्यातलं स्थान गेलं. लिओनोर डेव्हिडॉफ आणि कॅथरिन हॉल यांनी ‘फॅमिली फॉर्च्युन्स’ (१९८७) या ग्रंथात अशा अनेक कुटुंबांचा अभ्यास मांडला आहे.

या बदलाला मग नैतिक मुलामा चढला. सारा एलिस यांनी १८३९ मध्ये ‘द विमेन ऑफ इंग्लंड’ लिहून बायकांना घरातलं कर्तव्य शिकवलं. १८५४ पासून प्रसिद्ध झालेल्या कॉव्हेंट्री पॅटमोरच्या काव्यामुळे ‘घरातली देवदूत’ हा शब्दप्रयोग रूढ झाला. या देवदूताच्या घरातली भांडी मात्र दुसऱ्याच बाया घासत होत्या. १८५१ च्या जनगणनेत ब्रिटनमध्ये दहा लाखांहून अधिक घरनोकर होते आणि त्यांत बहुसंख्य स्त्रिया. ‘बाईची जागा घरात’ हा नियम त्यांना लागू होता, फक्त घर दुसऱ्याचं होतं.

आणि देवदूताच्या नावावर काय होतं? जवळपास काहीच नाही. इंग्लिश कायद्यात लग्न होताच बायकोची कमाई आणि जंगम मिळकत नवऱ्याची व्हायची. कॅरोलिन नॉर्टन ही नावाजलेली लेखिका. तिचा संसार १८३६ मध्ये मोडला तेव्हा नवऱ्याने तिन्ही मुलं ठेवून घेतली, पुढे तिच्या लेखनाच्या पैशांवरही हक्क सांगितला. तिने पत्रकं लिहून संसदेला भंडावलं. १८३९ च्या कायद्याने सात वर्षांखालील मुलांचा ताबा मागण्याची वाट आईला मिळाली. बार्बरा बोडिशॉन आणि तिच्या मैत्रिणींनी १८५६ मध्ये हजारो सह्या गोळा केल्या. १८७० मध्ये कमाई बाईची झाली, १८८२ मध्ये मिळकतही.

इथे आपल्याकडचे लोक अभिमानाने सांगतात की शरियतने बायकोची मिळकत लग्नानंतरही तिचीच ठेवली, तेही हजार वर्षं आधी. खरं आहे. मलाही त्याचा अभिमान आहे. पण बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घेताना हा अभिमान कुठे जातो? १९३७ च्या शरियत कायद्यातून शेतजमीन वगळली गेली, त्याबद्दल आपण किती आवाज उठवला?

उलट जे इंग्रजांचं होतं, ते आपण आपलं म्हणून जपतो. बायकोने नांदायला यावं म्हणून कोर्टात दावा लावण्याची पद्धत इंग्लंडच्या चर्च-न्यायालयांतून आली. मुस्लिम नवऱ्यालाही दिवाणी कोर्टात असा दावा लावता येतो, हे १८६७ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने ठरवलं. याच दाव्यापायी १८८७ मध्ये रखमाबाईंना मुंबईत नांदणं किंवा तुरुंग असा पर्याय दिला गेला. इंग्लंडने हा दावा १९७० मध्ये रद्द केला. आपल्याकडे तो आजही चालतो.

मी सॉफ्टवेअर क्षेत्रात आहे. कॅडबरींच्या काळात घर आणि काम वेगळे झाले, आमच्या क्षेत्रात ते पुन्हा एका छताखाली आले. पण मीटिंग चालू असताना कुकरची शिट्टी मोजायची कुणी, हे बहुतेक घरांत बदललेलं नाही. मग कामाची जागा हे कारण नव्हतंच, सवय आणि सोय होती.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. ज्याला ही वाटणी धर्माची वाटते, त्याने धर्माने बाईला दिलेलं आधी तिच्या हाती द्यावं: मेहर रोख, वारशाचा हिस्सा सातबाऱ्यावर, कमाई तिच्याच खात्यात. मग घरात कोण काय करणार, हे दोघांनी बसून ठरवावं. इंग्लंडच्या बायकांना आधी कायदा मिळवावा लागला. आपल्याकडे निदान मिळकतीचा नियम आहे. अंमल करायचा आहे तो बाप, भाऊ आणि नवऱ्यांनी.