गोळी सोडू नका, डब्यावर पैसे घालू नका

मानसिक आजाराची गोळी सुरू झाली की पोराला झोप लागते, कानातले आवाज कमी होतात. घर सावरते. पण दोन-तीन महिन्यांत शर्टाची बटणे लागत नाहीत. मग घरातच टोमणे सुरू होतात, "नुसता खातो अन् झोपतो." पोरगा गुपचूप गोळी सोडतो आणि आजार उलटतो. नाहीतर कुणाच्या सांगण्यावरून वजन घटवणाऱ्या पावडरचा महागडा डबा घरात येतो.

आमचे म्हणणे स्पष्ट आहे: दोष पोराचा नाही आणि उपाय डब्यात नाही.

ओलान्झापीन, क्लोझापीन यांसारख्या गोळ्यांनी भूक वाढते, पोट भरल्याची जाणीव होत नाही. तरुणांत हे लवकर दिसते. शुगर आणि रक्तातली चरबीही वाढू शकते. पावडर किंवा व्हिटॅमिनच्या गोळ्यांनी हे वजन उतरते, याला भक्कम पुरावा नाही. 'फॅट बर्नर'मध्ये बऱ्याचदा कॅफीन असते. त्याने झोप उडते आणि क्लोझापीनचे रक्तातले प्रमाणही वाढते.

जालन्याच्या सरकारी दवाखान्यात गोळ्या आणायला जाल तेव्हा वजन, कंबर, बीपी आणि शुगर तपासायला सांगा. 50 किलोच्या मुलाचे वजन साडेतीन किलोने वाढले, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. डॉक्टर गोळी बदलू शकतात, मेटफॉर्मिन जोडू शकतात. गोळीचे दुष्परिणाम समजून घेणे हा 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने दिलेला हक्क आहे. बाबासाहेबांची माणसे हक्क मागायला लाजत नाहीत. अडचण आली तर टेलिमानसचा 14416 हा मोफत नंबर रात्रंदिवस सुरू असतो.

कोसलचा राजा पसेनदी भरपेट जेवून धापा टाकत भगवान बुद्धांकडे आला. बुद्धांनी त्याला रागावले नाही, मात्रा ओळखून जेवायला सांगितले. राजाने जेवताना त्याची आठवण करून द्यायला एक तरुण नेमला आणि आहार हळूहळू कमी केला. राजालाही सोबत लागली, मग आपले पोर एकटे कसे निभावेल? थंड पेय, बिस्किटे, फरसाण घरात कुणीच आणू नये. भाकरी, मूग-मटकी, पालेभाजी सगळ्यांच्याच ताटात असावी. संध्याकाळी कुणीतरी त्याच्यासोबत चालायला जावे.

डब्याच्या पैशांत विहारासाठी एक वजनकाटा येतो. ज्याला लागेल त्याने तो घरी न्यावा.